ठिगळ पक्कं हवं, पण किती पक्कं? हर्नियाची जाळी धरून ठेवण्याच्या नव्या पद्धती तपासतात कशा

हर्नियाचं ऑपरेशन झालं की सिस्टर पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची आणि मगच खोकायचं. माझ्या मामांनी ती उशी पंधरा दिवस सोडली नाही, जेवतानासुद्धा ती मांडीवर असायची. त्यांचा हिशोब सरळ होता. आत जाळी बसवली आहे, आणि एखाद्या खोकल्यात ती निसटली तर?

गंमत म्हणजे जाळी बसवण्याची नवी पद्धत तपासणारे संशोधकही हाच प्रश्न विचारतात. फक्त ते उशीऐवजी यंत्र वापरतात आणि खोकला कृत्रिम तयार करतात.

आधी हर्निया म्हणजे काय ते थोडक्यात. जुन्या मराठीत याला अंतर्गळ म्हणत. पोटाची भिंत म्हणजे स्नायूंचे थर आणि त्यांना जोडणारे चिवट पांढरे पडदे. या भिंतीत कुठे कमजोर जागा असली की आतली चरबी किंवा आतड्याचा वेटोळा तिथून बाहेर डोकावतो. बेंबीपाशी, जुन्या ऑपरेशनच्या व्रणात आणि सर्वांत जास्त वेळा जांघेत. शंभर पुरुषांपैकी सुमारे २७ जणांना आयुष्यात कधी ना कधी जांघेतला हर्निया होतो, बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. जगभरात त्याची दरवर्षी दोन कोटींहून जास्त ऑपरेशनं होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीत बासिनी नावाच्या सर्जनने भोकाच्या कडा जवळ ओढून नीट शिवायची पद्धत बसवली. पण फाटलेली विजार कडा ओढून शिवली तर काय होतं, हे कुठल्याही शिंप्याला विचारा. शिवण टिकते आणि तिच्या शेजारचं कापड फाटतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी वापरायला सुरुवात केली. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये लिक्टेनस्टाइन यांनी कडा ओढणंच बंद केलं आणि भोकावर सरळ ठिगळ लावलं. हर्निया पुन्हा उलटण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. आज आपल्याकडे ‘जाळी टाकून ऑपरेशन’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच, किंवा याचंच दुर्बिणीतून केलेलं भावंड.

आता मुद्द्याकडे येऊ. हे ठिगळ जागेवर राहतं कशामुळे? टाक्यांमुळे, असं आपल्याला वाटतं. ते फक्त सुरुवातीपुरतं खरं आहे. जाळीला बारीक छिद्रं असतात. काही दिवसांतच शरीराच्या पेशी त्यांतून शिरतात आणि धागे विणू लागतात. मग जाळी आणि भिंत एकजीव होऊ लागतात. डुकरांवरच्या प्रयोगांत दोन आठवड्यांतच अखेरच्या पकडीच्या जवळपास पाऊण पकड तयार झालेली दिसली. म्हणजे टाक्यांचं खरं काम स्लॅबच्या सेंटरिंगसारखं आहे. काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याने धरून ठेवावं, नंतर त्याची गरज नसते. नंतरही ते तिथेच राहिलं तर ते अडचणच करतं.

आणि ही अडचण लहान नाही. जांघेतून तीन-चार संवेदनेच्या नसा जातात, बारीक आणि माणसागणिक जरा वेगळ्या वाटेने. टाक्यात किंवा खिळ्यात एखादी सापडली की महिनोन्‌महिने दुखत राहतं. चालताना चमक येते, पट्टा लागला तरी कळ उठते. २०१८ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार या ऑपरेशननंतर १० ते १२ टक्के रुग्णांना जाणवण्याइतकं दीर्घकाळ दुखत राहतं. रोजची कामं अडावीत इतकं दुखणारे त्याहून कमी असतात. सगळाच दोष टाक्यांचा नाही, जाळीभोवती होणारी सूज आणि व्रणही कारण असतात. तरी टाका आणि खिळा ही बदलता येण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून संशोधक तिच्या मागे लागले.

बदलायचं तर काय काय आहे ते बघू. साधा टाका सगळ्यांना माहीत आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात आत हात घालून शिवणं किचकट, म्हणून टॅकर आला. पिस्तुलासारखं हे यंत्र चाप ओढला की टायटॅनियमची स्प्रिंगसारखी पिळाची खिळी स्नायूत फिरवून बसवतं. काम झटपट होतं, पण आपल्याकडे या एका यंत्रासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. शिवाय खिळी कुठे मारायची नाही याचे नियम कडक. जांघेच्या आतल्या बाजूला दोन त्रिकोणी जागा आहेत. एकीतून मोठ्या रक्तवाहिन्या जातात, दुसरीतून नसा. सर्जन त्यांना अनुक्रमे सर्वनाशाचा आणि वेदनेचा त्रिकोण म्हणतात, यावरूनच काय ते समजा. पुढे विरघळणाऱ्या खिळ्या आल्या. कल्पना सेंटरिंगचीच, काम झालं की नाहीशी व्हायची.

मग गोंद. मामांना डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, “कुठला, फेविकॉल?” प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. एक वैद्यकीय गोंद खरोखरच घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा चुलतभाऊ आहे. दोघेही सायनोअॅक्रिलेट कुळातले, फक्त वैद्यकीय गोंदाची रेणूंची शेपटी लांब असते, त्यामुळे तो ऊतींना कमी त्रास देतो. (घरचा गोंद जखमेला लावू नये, हे इथेच सांगून टाकतो.) दुसरा गोंद फायब्रिनचा. आपल्या रक्ताची गुठळी ज्या प्रथिनाने बनते तेच प्रथिन मानवी प्लाझ्मातून काढून वापरतात. तो मऊ असतो, पकड कमी, पण शरीर त्याला सहज पचवतं. सायनोअॅक्रिलेट कडक असतो. तो जाळीभर फासला तर छिद्रंच बुजतात आणि पेशींना शिरायला वाट राहत नाही, म्हणून थेंबाथेंबाने लावतात.

तिसरी जात आपोआप पकडणाऱ्या जाळीची. पावसाळ्यानंतर माळावरून चालत आलं की पायजम्याला कुसळं चिकटतात ना, तसं. जाळीच्या एका बाजूला हजारो सूक्ष्म आकडे असतात, ते स्नायूत रुततात आणि कालांतराने विरघळतात. टाका नको, गोंद नको. मात्र एकदा चुकीच्या जागी चिकटली तर ती सोडवताना सर्जनच्या कपाळावर आठ्या येतात.

आणखी नवे प्रयोगही आहेत. दोऱ्याने उकडलेलं अंडं कापतो तसा बारीक दोरा ताणाखाली ऊतीला कापत जातो. यावर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून एक कल्पना निघाली. जाळीलाच कडेने तिच्याच पट्ट्या ठेवायच्या आणि दोऱ्याऐवजी त्या पट्ट्याच स्नायूतून ओवून घ्यायच्या. रुंद पट्टी कापत नाही, झोळीचा बंद खांद्याला सुतळीइतका रुतत नाही तसं. दुसरीकडे काही शास्त्रज्ञ शिनाण्यांच्या मागे आहेत. कोकण-गोव्याच्या खडकांवर लाटा आपटत असताना ही शिंपली ओल्या दगडाला घट्ट धरून बसतात. त्यांच्या चिकट प्रथिनाची नक्कल केली तर ओल्या ऊतीवरही चांगला गोंद मिळेल, असा हा शोध.

आणि शेवटची पद्धत, मला सगळ्यात आवडणारी. काहीच लावायचं नाही.

हे कसं शक्य आहे ते सायकलच्या दुकानात कळतं. टायरला काप गेला की दुकानदार जुन्या टायरचा तुकडा आतून टाकतो. गेटर म्हणतात त्याला. त्याला गोंदही नसतो आणि टाकाही नसतो. ट्यूबमधल्या हवेचाच दाब त्याला टायरवर दाबून धरतो. जाळी स्नायूच्या बाहेरून लावली तर पोटाचा दाब तिला उचकटायला बघतो. तीच आतून, स्नायू आणि पोटाचं अस्तर यांच्या मधल्या फटीत पसरली तर तोच दाब तिला भिंतीवर चेपून ठेवतो. म्हणूनच त्या २०१८ च्या सूचनांमध्ये म्हटलं आहे की पोटाच्या पोकळीत न शिरता केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात जाळी कशानेही पक्की करायची गरज जवळजवळ कधीच नसते. अपवाद एक. सर्जन ज्याला डायरेक्ट हर्निया म्हणतात (जांघेची भिंतच सैल पडून थेट पुढे फुगलेला), त्यात भोक तीन सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल तर पक्की करावी. टायरचा काप फार लांब असेल तर गेटरही बाहेर फुगतो, तसंच.

तर आता समजा कुणी नवा गोंद किंवा नवी खिळी आणली. तपासायचं कसं?

सुरुवात टेबलावर होते. कत्तलखान्यातून डुकराच्या पोटाची ताजी भिंत आणतात, तिच्यावर जाळी लावतात आणि यंत्राच्या दोन चिमट्यांत धरून हळूहळू ओढतात. सुटेपर्यंत किती जोर लागला ते न्यूटनमध्ये मोजतात. ओढायची दिशा महत्त्वाची. जाळी भिंतीला समांतर सरकवणं वेगळं आणि कोपऱ्यातून स्टिकरसारखी सोलणं वेगळं. सरकवण्यात पहिला येणारा गोंद सोलण्यात सपाटून मार खाऊ शकतो. तिसरा प्रकार म्हणजे भोकातून गोळा ढकलून जाळी कधी फुगते किंवा सुटते ते पाहणं.

पण किती जोर पुरेसा? याचं उत्तर खऱ्या पोटातूनच मिळायला हवं. २००५ मध्ये अमेरिकेत २० निरोगी तरुण-तरुणींच्या मूत्राशयात नळी ठेवून पोटातला दाब मोजला होता. उभं राहिल्यावर तो सरासरी २० मिलिमीटर पारा भरला. खोकल्यावर १०७. जागच्या जागी उडी मारल्यावर १७१. आणि गुडघ्यात वाकून साडेचार किलोचं वजन उचलल्यावर फार वाढलाच नाही. ऑपरेशननंतर पिशवी उचलायची धास्ती घेणारे आणि खोकल्याकडे दुर्लक्ष करणारे, दोघांनीही हे आकडे लक्षात ठेवावेत.

थोडं गणित करू. तीन सेंटिमीटर व्यासाच्या भोकावर खोकल्याचा हा दाब पडला तर जोर होतो साधारण एक किलो वजनाइतका. भोक सहा सेंटिमीटरचं असेल तर व्यास दुप्पट, पण जोर चौपट, म्हणजे चार किलो. आता त्यावर १५ सेंटिमीटर व्यासाची गोल जाळी टाका. लहान भोकासाठी जाळीचं क्षेत्रफळ भोकाच्या २५ पट आहे, मोठ्या भोकासाठी जेमतेम सहा पट. जाळी तीच, खिळ्या त्याच, पण एकीकडे भक्कम आणि दुसरीकडे काठावर. नव्या पद्धतीच्या जाहिरातीत ‘इतके न्यूटन’ असा एकच आकडा छापलेला दिसला की मी पहिल्यांदा बघतो, भोक केवढं होतं.

सावकाश एकदा ओढण्यात अजून एक लबाडी आहे. माणूस एकदा खोकत नाही. जर्मनीत हायडेलबर्गच्या कालिनोव्स्की यांच्या गटाने म्हणून वेगळं यंत्र बांधलं. डुकराच्या ऊतीत भोक पाडायचं, जाळी बसवायची आणि खोकल्यासारखे झटके पुन्हा पुन्हा, शेकडोंनी द्यायचे. एका ओढीत तगलेली रचना या झटक्यांत हळूहळू सरकत जाऊ शकते, जसा रोज थोडा थोडा हलवलेला खुंटा शेवटी हातात येतो. त्यांच्या कामातून भोक आणि जाळी यांच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर किती कळीचं आहे ते ठळक झालं.

टेबलावरच्या या परीक्षेत टायटॅनियमची खिळी बहुतेक वेळा वरच्या नंबरात येते. इथेच खरी फसगत होते. यंत्राला फक्त ताकद मोजता येते, आणि ताकद ही आपल्याला पुरेशी हवी आहे, जास्तीत जास्त नको आहे. मेलेल्या ऊतीत पेशी शिरत नाहीत, सूज येत नाही आणि तिला दुखतही नाही.

म्हणून पुढची पायरी जिवंत प्राण्याची, बहुधा डुक्कर किंवा मेंढी. काही आठवड्यांनी जाळी आक्रसली का, सरकली का, पेशी किती शिरल्या, आतडं चिकटलं का, हे बघतात. इथे गोंदाच्या पद्धती बऱ्या दिसू लागतात, कारण महिनाभरात सगळ्यांची पकड सारखीच होत जाते. पण डुक्कर चार पायांवर चालतं, त्याच्या जांघेवर उभ्या माणसासारखा भार पडत नाही. आणि पट्टा लावल्यावर कळ येते का, हे त्याला विचारता येत नाही.

ते माणसालाच विचारावं लागतं. माणसांवरच्या चाचणीत कुणाला टाके आणि कुणाला गोंद हे चिठ्ठी टाकून ठरवतात, म्हणजे सोपे रुग्ण एका बाजूला जमत नाहीत. सर्जनला काय केलं ते माहीत असणारच, पण रुग्णाला सांगत नाहीत आणि नंतर तपासणारा डॉक्टर वेगळा असतो. खरी कसोटी असते ती आधी काय मोजायचं ठरवलं यात. हर्निया उलटला का हे मोजायचं ठरवलं तर फार माणसं लागतात, कारण तो क्वचितच उलटतो. शंभरात दोन आणि शंभरात चार यांतला फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात अकराशेवर रुग्ण हवेत. इतके जमवणं अवघड, म्हणून बहुतेक चाचण्या वेदना मोजतात. त्यातही, कुठली वेदना आणि किती महिन्यांनी?

दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीत ३१९ रुग्णांना बाहेरून जाळी लावली, कुणाला टाक्यांनी, कुणाला फायब्रिनच्या गोंदाने. वेदना, बधिरपणा किंवा जांघेतली अस्वस्थता यांपैकी एक तरी त्रास ठरावीक पातळीच्या वर असेल तर तो मोजायचा, असं ठरलं होतं. वर्षभराने गोंदवाल्यांत ८.१ टक्के आणि टाकेवाल्यांत १४.८ टक्के. गोंद जिंकला. तीन तक्रारी एकत्र मोजल्या होत्या आणि चाचणीमागे गोंद बनवणारी कंपनी होती, हेही ध्यानात ठेवायचं. निकाल खोटा ठरत नाही, पण दुसऱ्याने तपासावा असा जरूर ठरतो.

२०१५ मध्ये फिनलंडची चाचणी आली. ६२५ रुग्ण, तीन गट. एकाला सायनोअॅक्रिलेट, दुसऱ्याला आकड्यांची जाळी, तिसऱ्याला साधे टाके. वर्षभराने तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक नाही. त्याच सुमारास ५५७ पुरुषांवरच्या आणखी एका युरोपीय चाचणीत आकड्यांच्या जाळीने पहिल्या आठवड्यात कमी दुखलं, वर्षभराने टाक्यांइतकंच. माझं वाचन असं की नव्या पद्धतींचा फायदा आहे, पण तो पहिल्या काही दिवसांत आणि ऑपरेशनच्या काही मिनिटांत जास्त दिसतो. कायमच्या दुखण्यावर तो रामबाण नाही. तिथे नसा ओळखून त्यांना जपणारा हात जास्त मोलाचा असावा.

चाचणी संपली तरी तपासणी संपत नाही. स्वीडनमध्ये १९९२ पासून हर्नियाच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही आहे, डेन्मार्कमध्ये १९९८ पासून. अशा नोंदींतूनच डेन्मार्कमध्ये दिसलं की जुन्या व्रणातल्या हर्नियाला विरघळणाऱ्या खिळ्या वापरल्या तर तो न विरघळणाऱ्या खिळ्यांपेक्षा जास्त वेळा उलटतो. जांघेत चालणारं सेंटरिंग पोटाच्या मोठ्या भोकावर लवकर उतरलं, असं म्हणा. २०१६ मध्ये एका मोठ्या कंपनीने दुर्बिणीतून वापरायची आपली एक जाळी बाजारातून काढून घेतली. कारण जर्मनी आणि डेन्मार्कच्या नोंदींत तिच्यानंतर हर्निया जास्त उलटताना दिसले होते. छोट्या चाचण्यांत न दिसलेलं हजारो रुग्णांच्या यादीत दिसलं.

आपल्याकडचा प्रश्न जरा वेगळ्या टोकाने सुटला. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि २००३ मध्ये अनेक ठिकाणच्या सर्जनांसोबत त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. ते कापड बसवायला साधे टाकेच. हसणाऱ्यांना उत्तर युगांडातून मिळालं. तिथे ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीची आणि कंपनीची जाळी यांची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली आणि २०१६ मध्ये निकाल आले. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा तर जाळीही नको म्हणाले. रुग्णाच्याच पोटाच्या पडद्याची पट्टी भिंतीला जोडायची त्यांची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली.

भारतात २००९ पासून औषधं आणि उपकरणांच्या चाचण्या सुरू होण्याआधीच सार्वजनिक नोंदणीत टाकाव्या लागतात. ती नोंद कुणालाही इंटरनेटवर वाचता येते. त्यात रुग्णांचा पाठपुरावा किती काळ करणार तेही लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे घोडं नेमकं तिथेच अडतं. फिनलंडमधला कारकून वर्षभरानेही त्याच पत्त्यावर सापडतो. बीडचा ऊसतोड कामगार ऑपरेशननंतर तीन महिन्यांत कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो, दिवसभर वाकून तोडतो आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढतो. त्याच्या जांघेतली जाळी यंत्रातल्या झटक्यांपेक्षा अवघड परीक्षा देत असते. त्याचा फोन लागला, आणि समोरच्याने शून्य ते दहामध्ये किती दुखतं असं विचारलं, तर तो म्हणेल, “दुखतं की, पण काम चालतंय.” नोंदवहीत त्याचा कुठला आकडा लिहायचा?